वाचकांचे प्रश्न : नाल्याची वाट आणि आपला रस्ता

मागच्या अंकात मी एका मेलेल्या तरसाबद्दल थोडंसं लिहिलं होतं. चोपडा ते यावल रस्त्यावर, पहाटे साडेपाचला, साईडपट्टीवर पडलेली मादी, अंगावर फारशी जखम नाही पण आचळं दुधाने भरलेली, म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याला कुठल्यातरी कपारीत पिल्लं तिची वाट बघत असणार. एवढंच लिहून म्हटलं होतं की रस्ते आणि रानातली जनावरं याबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. पत्रं आली, व्हॉट्सअप आले, दोघातिघांनी तर बोलून रेकॉर्डिंगच पाठवलं. सगळं एका अंकात मावणार नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं कोणाचीच छापत नाही, गाव किंवा तालुका तेवढा देतोय.

रावेर तालुक्यातून एक केळीवाले शेतकरी लिहितात :
"दादा, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता माझ्या आजोबांच्या आधीपासून आहे. जनावरं तेव्हाही होती. मग आत्ताच एवढी बोंब का? उलट रस्ता रुंद झाला तर लांबून दिसेल, गाडी आवरता येईल, जनावरही वाचेल. माझं काही चुकतंय का?"

भाऊ, तुम्ही सरळ विचारलंत ते आवडलं. चुकतंय, पण ते तुमचं एकट्याचं नाही, आपण सगळे रस्त्याकडे गाडीतून बघतो म्हणून असं वाटतं. एकदा नाल्यातून बघा.

आपल्या खान्देशचा नकाशा डोळ्यासमोर आणा. वर सातपुडा, खाली तापी. सातपुड्यातून निघणारी प्रत्येक नदी, सुकी घ्या, मोर घ्या, अनेर, अरुणावती, गोमाई, सगळ्या उत्तरेकडून येऊन तापीला मिळतात, आणि त्यांच्या मधेमधे नाले तर किती, मोजता येणार नाहीत इतके. जनावरांची वाट हीच. एप्रिल-मे लागला, डोंगरातले झरे आटले की ससा, साळींदर, रानडुक्कर, कोल्हा सगळे नाल्यानाल्याने खाली उतरतात कारण खाली तुमच्या केळीच्या बागा आहेत, बाहेर पंचेचाळीस डिग्री असलं तरी बागेत गारवा असतो, ठिबकच्या नळीखाली ओल असते. त्यांच्या मागोमाग बिबट्या येतो. रात्रभर फिरून पहाटे पुन्हा वर. हे काही आजचं नाही, पिढ्यानपिढ्यांचं येणंजाणं आहे, उत्तर-दक्षिण.

आणि आपलं सगळं पूर्व-पश्चिम. पायथ्यापायथ्याने तुमचा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता, मग कालवे आणि पाटचाऱ्या, तापीपलीकडे भुसावळ-सुरत रेल्वे, त्याच्याच बाजूने धुळे-जळगाव-मुक्ताईनगर महामार्ग. म्हणजे त्यांच्या एकेका वाटेला आपण चार-चार ठिकाणी आडवे गेलोय.

आता आजोबांचा रस्ता. सहा-सात मीटर डांबर, दोन्ही बाजूला निंब आणि चिंच, दिवसा बैलगाड्या आणि एसटी, रात्री दहानंतर शुकशुकाट. जनावराने कान टवकारले, चार उड्या मारल्या, झाला पार. चौपदरी रस्त्याला साईडपट्ट्या आणि डिव्हायडर धरून वीस-पंचवीस मीटर उघडी जागा होते, लपायला काही नाही, त्यात मधे सिमेंटची भिंत उभी केली असेल तर साळींदर, ससा, मुंगूस, कासव यांना ती चढताच येत नाही. अर्धा रस्ता पार करून ते भिंतीला धडकतं, भिंतीच्या कडेने धावत राहतं आणि तिथेच सापडतं. रुंद झाल्याने लांबून दिसतं खरं, पण रुंद झाल्यावर साठने जाणारा नव्वदने जातो हेही तुम्हाला माहीत आहे.

अजून एक गोष्ट आहे आणि मला ती मेलेल्या जनावरापेक्षा जास्त टोचते. ट्रॅफिक एका मर्यादेपलीकडे गेलं की जनावर रस्त्यावर येतच नाही. झुडपात उभं राहतं, ट्रक मोजतं, आणि परत फिरतं. तिथे काही मरत नाही, रक्त दिसत नाही, पेपरात फोटो येत नाही. पण वरचं जनावर वर आणि खालचं खाली अडकलं की काही पिढ्यांनी त्या छोट्या कळपात आपसातच पैदास होत राहते, रोगाला तोंड द्यायची ताकद कमी होते, एखाद्या दुष्काळी वर्षात अख्खा कळप संपतो आणि बाहेरून नवीन यायला वाट उरलेली नसते. मेलेलं मोजता येतं, परत फिरलेलं कोणी मोजत नाही.

मुरूम कुठून आणला, खड्डे कुठल्या टेकडीला पाडले, मातीच्या डंपरमधून गाजरगवत आणि घाणेरी जंगलाच्या आत कशी पोचली, तो वेगळाच विषय आहे, पुन्हा कधीतरी.

यावलहून एक शिक्षिका विचारतात :
"मी रोज फैजपूरकडून स्कुटीने उशिरा परत येते. परवा एक रानमांजर लाईटच्या झोतात आलं आणि तिथेच थांबलं. मी ब्रेक दाबला म्हणून वाचलं. ते पळत का नाही? आणि पावसाळ्यात रस्त्यावर इतके साप का असतात?"

ताई, ते थांबतं कारण त्याला काही दिसतच नसतं. रात्री फिरणाऱ्या जनावरांच्या डोळ्यात मागच्या बाजूला आरशासारखा एक थर असतो, म्हणून तर लाईट पडला की त्यांचे डोळे हिरवे-पिवळे चमकतात. अंधुक प्रकाशात बघायला तो थर कामाचा, पण समोरून एलईडी हेडलाईट आला की डोळे पूर्ण दिपून जातात. आणि संकट आलं की हलायचं नाही, दबून राहायचं, ही सशापासून रातवा नावाच्या पक्ष्यापर्यंत सगळ्यांची जुनी सवय आहे. वाघ-बिबट्यापुढे ती सवय जीव वाचवते, गाडीपुढे नाही.

सापांचं असं की डांबर दिवसभर तापतं आणि सूर्य मावळल्यावर बराच वेळ ऊब धरून ठेवतं. साप थंड रक्ताचा, तो ऊब घ्यायला येतो. पहिल्या पावसात बेडूक हजारोंनी बाहेर पडतात, त्यांच्या मागे पण साप येतात. रातवा तर रस्त्यावर बसूनच किडे पकडतो, लाल डोळे चमकताना दिसतात ते त्याचे. त्यात मक्याचे, ज्वारीचे ट्रक वळणावर हलले की दाणे सांडतात, दाण्यांना उंदीर, उंदरांना गव्हाणी घुबड, घुबड खाली झेपावतं आणि मागून ट्रक. मी एकाच वळणावर एका हिवाळ्यात तीन गव्हाणी घुबडं मेलेली उचलून बाजूला ठेवलीत. तिसऱ्याचा पंजा मिटलेला होता, त्यात उंदराची शेपटी होती.

वेगाचा हिशोब पण सांगून ठेवतो, वर्गात मुलांना सांगा. ताशी ऐंशीने चाललेली गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. दिसलं, कळलं, पाय ब्रेकवर गेला, यातच दीड सेकंद म्हणजे तेहतीस मीटर गेले, आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला अजून पस्तीसेक. झाले जवळजवळ सत्तर मीटर. डिपर मारलेल्या लाईटमध्ये नीट दिसतं साधारण पन्नास मीटर. म्हणजे ऐंशीने जाताना जनावर दिसलं तेव्हाच उशीर झालेला असतो. साठने हेच अंतर पंचेचाळीस मीटर होतं, चाळीसने पंचवीस. तुमचं रानमांजर तुमच्या वेगाने वाचलं ताई, नशिबाने नाही. तेवढं अजून करत जा की ते थांबलं तर लाईट डिम करा, दोन क्षण लाईट खाली गेला की त्याला अंधारात वाट सापडते. हॉर्न वाजवत राहू नका.

धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरून, कॉलेजात शिकणारा मुलगा :
"सर, तुम्ही सगळे जनावरांचं लिहिता. माझ्या आजीला मागच्या पावसाळ्यात बांबूच्या झोळीत टाकून आम्ही चौघांनी दवाखान्यात नेलं, पाच तास लागले. आम्हाला रस्ता नको का?"

हवाच. बाळा, याच्यावर दुसरं कुठलंच उत्तर नाही आणि कोणी जंगलाच्या नावाने तुझ्या पाड्याचा रस्ता अडवत असेल तर मी तुझ्या बाजूने उभा राहीन.

कायदाही तुझ्या बाजूने आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३ (२) वाच. रस्ता, शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याची टाकी अशा सोयींसाठी वनजमीन देता येते, एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. ग्रामसभेचा ठराव ही तुमच्या हातातली खरी ताकद आहे.

तीन-साडेतीन मीटरचा वळणावळणाचा रस्ता, दिवसात पंधरा-वीस गाड्या, त्याही वीस-पंचवीसच्या वेगाने, असा रस्ता जनावराला भिंत होत नाही. अस्वल तो सहज ओलांडतं. माझं म्हणणं आहे ते दोनच ठिकाणी. एक, डोंगर कापून निघालेलं डबर सरळ दरीत ढकलून देतात, ते खालच्या झऱ्यावर जाऊन बसतं, झरा बुजतो, मग पाणी तुमचंही जातं आणि अस्वलाचंही. ठरावात लिहून घ्या की डबर कुठे टाकणार. दोन, पाड्याचा रस्ता पुढे वाढवून ट्रकचा शॉर्टकट होऊ लागला तर तेव्हा बोला, कारण त्या ट्रकमधून तुझी आजी जाणार नाहीये.

आणि तुझ्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचार, मोहाच्या दिवसांत अस्वल कुठून उतरतं, कुठल्या पाण्यावर येतं. ते इंजिनिअरच्या नकाशात नसतं. तुम्ही सांगितलं तरच तिथली मोरी, म्हणजे रस्त्याखालून नाल्याचं पाणी जायची वाट, मोठी होईल.

मुक्ताईनगर तालुक्यातून एक दुकानदार :
"काका, हायवेखालून जनावरांसाठी भुयारं काढतात म्हणे. वाघाला कोण सांगणार इथून जा म्हणून? एवढे कोटी रुपये वाया नाही का जात?"

तुमच्याच तालुक्यातून हा प्रश्न यावा याचं मला फार बरं वाटलं, कारण वाघाचं खरं दार तुमच्याकडे आहे. मेळघाटकडून, अंबाबरवाकडून सातपुड्याच्या कडेने वाघ वढोद्याच्या जंगलात येतो आणि डोलारखेड्याकडे पूर्णेच्या काठाने चक्क केळीच्या बागांमध्ये राहतो, वाघीण पिल्लं घेऊन राहिलेली लोकांनी बघितलीय. एवढ्या माणसांत, एवढ्या शेतात वाघ राहतो आणि गावकरी सांभाळून घेतात हे देशात फार कमी ठिकाणी होतं. यावलकडे वाघ जायचा तर तो इथूनच जाईल, मधे बऱ्हाणपूरचा रस्ता आहे, रेल्वे आहे.

आता भुयाराचं. वाघाला कोणी सांगावं लागत नाही, जागा बरोबर पाहिजे. नागपूर-सिवनी महामार्ग पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या कडेने जातो. तिथे चौपदरीकरणावरून बरीच वर्षं कोर्टात भांडण चाललं आणि शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून वाट दिली, कुठे पन्नास मीटर लांबीची, कुठे साडेसातशे मीटरची. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने त्याखाली कॅमेरे लावले. मार्च ते डिसेंबर २०१९ मध्ये अठरा जातींची रानटी जनावरं खालून गेलेली फोटोत आली आणि वाघ एकोणनव्वद वेळा. वरून ट्रक जातायत आणि खालून वाघीण चाललीय, असे फोटो आहेत ते. मी पहिल्यांदा बघितले तेव्हा बराच वेळ मोबाईल हातातून ठेवला नाही.

तिथे जमलं कारण आधी कुठून जनावर जातं ते बघितलं आणि मग खांब उभे केले. आधी रस्ता आणि उरलेल्या पैशात कुठेतरी एक भोक, असं केलं तर पैसे वायाच जातात, त्यात तुमचं म्हणणं खरं आहे.

वाघ किती लांब जातो हे पण ऐका. यवतमाळच्या टिपेश्वरमधला एक गळ्यात रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ २०१९ मध्ये निघाला आणि पाच महिन्यांत तेराशे किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. २०२१ मध्ये टिपेश्वरचाच दुसरा वाघ चाळीसगावच्या डोक्यावरच्या गौताळ्यात कॅमेऱ्यात आला, तिथे कित्येक दशकांनी वाघ दिसला. या पोरांनी वाटेत किती हायवे ओलांडले असतील, रात्री कडेला बसून किती वेळ वाट बघितली असेल.

अमळनेरहून एक आबा, वय ऐंशीच्या पुढे :
"रस्ता ते झकास व्हयना भाऊ, पन निंबना झाडे गयात, सावली गयी. त्या झाडेसवर पोपट राहेत, घुबड राहेत. नवा रोपे लावतस म्हने. त्या झाडेसन्ही भरपाई व्हई का?"

नाही आबा, होत नाही. तुमच्यापेक्षा मोठा निंब तोडून त्याच्या बदल्यात दहा रोपं लावली तरी त्या दहांपैकी एकाही रोपाला ढोली नसते. ढोली व्हायला झाडाला म्हातारं व्हावं लागतं, फांदी मोडून तिथे कुजावं लागतं, मग सुतार पक्षी कोरतो, मग पोपट, मग पिंगळा, खाली कुठे घोरपड. डिव्हायडरमधल्या बोगनवेलीत आणि कण्हेरीत कोण घर करणार.

आपल्या भागाला तर ढोलीचं मोल सगळ्यांत आधी कळायला पाहिजे. रानपिंगळा नावाचं छोटंसं घुबड, १८८४ नंतर कोणालाच दिसलं नव्हतं, जगातून संपलं असं धरून चालले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकेच्या पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबतच्यांना ते सापडलं कुठे, तर आपल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला. एकशे तेरा वर्षांनी! हा पक्षी दिवसाउजेडी शिकार करतो आणि जुन्या झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. तोरणमाळकडे, यावलकडे तो अजून आहे. पायथ्याचं प्रत्येक जुनं झाड तुटतं तेव्हा मला तोच आठवतो.

रस्ता करताना झाडं वाचवता येतात आबा, निदान काही. एका बाजूची रांग तशीच ठेवून रस्ता दुसऱ्या बाजूला वाढवायचा, जुनी रांग दोन रस्त्यांच्या मधे येते. जमीन जास्त लागते, मोबदला जास्त द्यावा लागतो, म्हणून टाळतात. पण मागणी करणारेच नसतील तर ते कोणी आपणहून करणार नाही. तुम्ही लहानपणी कुठल्या झाडावर काय बघितलं ते नातवाकडून लिहून काढून माझ्याकडे पाठवा, मी छापतो.

चाळीसगावहून :
"कन्नड घाट रात्री पूर्ण बंद केला तर? बांदीपूरला करतात तसा."

कर्नाटकातल्या बांदीपूर व्याघ्र प्रकल्पातल्या रस्त्यावर २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा गाड्या बंद असतात, ॲम्ब्युलन्स आणि ठराविक बस सोडून. कर्नाटक हायकोर्टाने २०१० मध्ये ते कायम केलं. जनावरांसाठी याच्यापेक्षा चांगला उपाय नाही, कारण बहुतेक सगळी फिरतात ती रात्रीच. पण कन्नड घाट, म्हणजेच औट्रम घाट, हा धुळे-सोलापूर महामार्ग आहे, तो पूर्ण बंद करा म्हणणं मला व्यवहारात शक्य वाटत नाही. औट्रम घाटातल्या बोगद्याची चर्चा किती वर्षं ऐकतोय, तो झाला तर डोंगराचा माथा आणि गौताळ्याचं जंगल वरून अखंड राहील, म्हणून मी बोगद्याच्या बाजूचा आहे, फक्त आतून निघालेला दगड कुठे टाकणार ते आधी ठरावं. रात्रबंदी मागायचीच तर पालच्या रस्त्यासाठी मागू या, तो यावल अभयारण्यातून जातो, पर्यायी रस्ते आहेत आणि रात्री तिथे फिरणाऱ्यांत पर्यटकच जास्त.

शिरपूरहून एक ट्रॅक्टर मालक :
"रस्त्यावर जखमी किंवा मेलेलं जनावर दिसलं तर हात लावावा का? लोक म्हणतात केस होते."

१९२६ ला फोन लावा, वनविभागाचा टोल फ्री आहे. महामार्गावर असाल तर १०३३ पण चालतो. जागा सांगताना किलोमीटरचा दगड किंवा जवळची मोरी सांगा, "पुलाच्या पुढे" म्हटलं की माणूस तासभर शोधत बसतो. फोन करणाऱ्यावर केस होत नाही. केस होते ती घोरपड पोत्यात घालून घरी नेणाऱ्यावर, साळींदराचे काटे आणि बिबट्याची नखं काढणाऱ्यावर. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे मेलेलं रानटी जनावर ही सरकारची मालमत्ता असते, अपघाताने मेलेलं असलं तरी.

जखमी असेल तर गर्दी हटवा, गोंगाट बंद करा, छोटं जनावर असेल तर वरून गोणपाट टाका, डोळे झाकले की ते शांत होतं. तोंडात पाणी ओतू नका. बिबट्या, तरस, अस्वल, रानडुक्कर यांच्या जवळ अजिबात जायचं नाही, अर्धमेलं दिसलं तरी. मेलेलं जनावर मधे पडलं असेल तर फोटो काढून, स्वतःची गाडी इंडिकेटर लावून सुरक्षित उभी करून, काठीने साईडपट्टीपलीकडे सरकवा, नाहीतर ते खायला आलेली घार आणि कोल्हा तिथेच मरतात. आणि तो फोटो, तारीख, वेळ, जागा वनरक्षकाला पाठवून ठेवा. एकाच जागेवर वर्षात पाच फोटो जमले की तिथे रंबलर, म्हणजे गाडी हळू करायला लावणाऱ्या पट्ट्या, मागायला तुमच्या हातात कागद असतो.

जळगावहून, रस्त्याच्या कामावर असलेला एक तरुण इंजिनिअर :
"मी तुमच्या विरोधात नाही. पण आम्ही इस्टिमेटप्रमाणे काम करतो. जनावरांसाठी ओव्हरपास वगैरे आमच्या हातात नसतं. मग माझ्या लेव्हलला मी काय करू शकतो?"

हे पत्र मी चारदा वाचलं. मित्रा, सगळ्यांत मोठं काम तुझ्याच लेव्हलला आहे, त्याचं नाव मोरी.

वर रावेरच्या भाऊंना लिहिलं तसं, जनावराची वाट म्हणजे नाला. म्हणजे प्रत्येक नाल्यावर जिथे तू पाणी काढून देतोस तिथेच त्यांचं दार आहे, वेगळा ओव्हरपास सगळीकडे लागतच नाही. पण ह्यूम पाईप टाकलास तर दार बंद झालं. नऊशे मिलिमीटरच्या गोल अंधाऱ्या नळीत, तळाला चिखल, पलीकडचा उजेड दिसत नाही, तिथे तरस जात नाही, ते वर रस्त्यावर चढतं. त्याच जागी काँक्रीटचा चौकोनी बॉक्स टाकला, उंची माणूस उभा राहील एवढी, आरपार उजेड दिसेल असा, तर साळींदर, कोल्हा, तरस, बिबट्या सगळे जातात. तळ काँक्रीटचा गुळगुळीत न ठेवता वाळू-माती राहू दे. दोन गाळे असतील तर एकाचा तळ थोडा उंच ठेव, म्हणजे पावसाळ्यात पाणी एकातून आणि जनावर दुसऱ्यातून. खालच्या बाजूला पाणी पडून खड्डा होतो आणि दीड-दोन फुटांची पायरी तयार होते, तिथे दगडांचा उतार रचून दे, कासव आणि मुंगूस चढू शकतील. दोन्ही तोंडांपाशी झुडपं साफ करू नका. आणि सिमेंटचा सलग डिव्हायडर टाकायचाच असेल तर मोरीच्या आसपास तरी खाली मांजराएवढी फट ठेव.

यातलं काही मी मनाने सांगत नाहीये. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१६ मध्ये रस्ते, रेल्वे, वीजवाहिन्यांसाठी अशी पुस्तिकाच काढलीय, चित्रांसकट. तुझ्या साहेबांना ती दाखव. आणि हे सगळं टेंडर निघायच्या आधी सांगावं लागतं, काम सुरू झाल्यावर पाईपचा बॉक्स होत नाही हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. वनजमिनीचे प्रस्ताव केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर कोणालाही दिसतात, वाचकांपैकी ज्यांना जमेल त्यांनी आपल्या तालुक्याचे बघत जा.

ती तरस मेली तिथे पन्नास पावलांवर मोरी आहे. जुन्या रस्त्याला तिथे दगडी कमान होती, मी स्वतः लहानपणी तिच्याखाली सावलीला बसलोय. रुंदीकरणात कमान गेली आणि तीन पाईप आले. एका पाईपचं तोंड बारदान आणि प्लास्टिकने गच्च भरलेलं, दुसऱ्यात कोणीतरी कापलेल्या केळीची खोडं कोंबलेली. गेल्या रविवारी आम्ही चौघं टॉर्च आणि घमेली घेऊन तिथे उतरलो, दोन तासात तिन्ही पाईप मोकळे केले, तोंडापाशी ओली वाळू पसरून हाताने सपाट केली. बुधवारी सकाळी जाऊन बघितलं. मधल्या पाईपसमोर मुंगसाची पावलं होती, जाताना आणि येतानाची, आणि एका कडेला साळींदराचा एक काटा. तरस आत गेल्याची खूण नव्हती. वाळूवर ते येऊन थांबल्याच्या खुणा होत्या, चार बोटं, पुढची नखं स्पष्ट, आणि मग ती पावलं बाजूने वर, रस्त्याकडे चढली होती.